विश्लेषण : वर घर, खाली दुकान... डहाणू-तलासरीच्या नव्या वसाहतींना पॅट्रिक गेडिस काय शिकवतात?

वाढवण बंदरामुळे डहाणू आणि तलासरीत घरे, दुकानांचे गाळे आणि बाजारपेठा यांची चर्चा सुरू आहे. घर आणि दुकान एकत्र असलेली वसाहत कशी आखावी, यावर शंभर वर्षांपूर्वी मुंबईत शिकवणाऱ्या एका स्कॉटिश प्राध्यापकाने आयुष्यभर काम केले. कोण होते हे पॅट्रिक गेडिस? त्यांच्या पद्धतीचा आज या भागाला काय उपयोग?

चर्चा आताच का?

डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. मच्छीमारांचा विरोध कायम आहे. मात्र बंदर म्हटले की त्यामागून रस्ते, गोदामे, कामगारांची घरे आणि बाजार येतोच. पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणूपर्यंत धावते. तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. त्यामुळे या पट्ट्यात नव्या वसाहतींची मागणी वाढणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

प्रश्न आहे तो वसाहत कशी असेल हा. शेतजमीन सपाट करायची, चौकोनी प्लॉट पाडायचे, महामार्गाला तोंड करून गाळ्यांची एक रांग उभी करायची आणि मागे इमारती रचायच्या, ही नेहमीची पद्धत. अशा ठिकाणी निम्मे गाळे कुलूपबंद राहतात आणि भाजीवाले, मासेवाल्या, चहाची टपरी रस्त्यावरच येतात, असे चित्र अनेक शहरांच्या वेशीवर दिसते. गेडिस यांनी नेमक्या याच पद्धतीला विरोध केला होता.

कोण होते पॅट्रिक गेडिस?

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. ते ना वास्तुविशारद होते, ना अभियंता. त्यांचे शिक्षण जीवशास्त्राचे. लंडनमध्ये ते थॉमस हक्सले यांच्या हाताखाली शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांच्या डोळ्यांना गंभीर त्रास झाला आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे कठीण झाले. पण त्या अंधारात त्यांनी एक सवय लावून घेतली. कागदाला घड्या घालून चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत एक विषय ठेवून त्यांचे परस्परांशी नाते शोधायचे. जागा, काम आणि माणसे या तिन्हींचा एकत्र विचार करण्याची त्यांची पद्धत पुढे याच चौकटींतून मांडली गेली.

१८८८ मध्ये ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही नेमणूक वर्षातील उन्हाळी सत्रापुरती होती. उरलेला वेळ त्यांनी शहरांना दिला. झाड जसे माती, पाणी आणि उजेड यांच्याशी बांधलेले असते, तसे शहर आपल्या परिसराशी बांधलेले असते, अशी त्यांची धारणा होती. झाड दुसरीकडून उपटून आणून लावले तर ते जगेलच असे नाही. शहराचा आराखडाही तसाच.

पडक्या वस्तीत राहायला का गेले?

१८८६ मध्ये गेडिस यांचा अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर हे जोडपे एडिनबरा शहराच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या वस्तीत राहायला गेले. सुखवस्तू मंडळी तेव्हा हा भाग सोडून नव्या एडिनबरात जात होती. मागे राहिल्या होत्या उंच, दाटीवाटीच्या, कळकट इमारती. आपल्याकडच्या गिरगावातील चाळी किंवा पुण्यातील पेठा डोळ्यांसमोर आणल्या तर चित्र लवकर कळेल. रस्त्याकडे दुकाने, वर आणि आत बिऱ्हाडे, मध्ये सामाईक चौक.

गेडिस दाम्पत्याने इमारती पाडण्याची मागणी केली नाही. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना दिला, कचरा उचलला, खिडक्यांत फुलझाडे लावली, मोकळ्या तुकड्यांच्या बागा केल्या. अगदीच मोडकळीला आलेला भाग तेवढा काढला, म्हणजे बाकीच्या घरांना हवा आणि उजेड मिळाला. पुढे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे सुरू केली. एकाच गल्लीत कामगार, दुकानदार, विद्यार्थी आणि प्राध्यापक राहावेत, हा त्यामागचा हेतू होता. १८९२ मध्ये त्यांनी तिथेच एका जुन्या मनोऱ्यात ‘आउटलुक टॉवर’ ही संस्था उभी केली. पाहुण्याने आधी गच्चीवर जाऊन सगळे शहर पाहायचे आणि मग एकेक मजला खाली उतरत शहर, देश, जग समजून घ्यायचे, अशी त्याची रचना होती.

भारतात कसे आले?

शहरांचे नकाशे, चित्रे आणि छायाचित्रांचे एक मोठे प्रदर्शन गेडिस यांनी तयार केले होते. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते भारताकडे निघाले. ते स्वतः सुखरूप पोहोचले. प्रदर्शनाचे सामान मात्र ‘क्लॅन ग्रँट’ या वेगळ्या जहाजावर होते आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने ते बुडवले. अनेक वर्षांची जमवाजमव समुद्राच्या तळाशी गेली. तरीही इंग्लंड-स्कॉटलंडमधील मित्रांनी नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनी भारतातील सुमारे ५० शहरांवर अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातील सहा शहरांच्या पुनर्रचनेविषयीचे अहवाल १९१५ मधले. तंजावर, मदुराई, बडोदा, बलरामपूर, लखनौ, इंदूर अशी यादी मोठी आहे. याच १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि म्हणून याच इलाख्यात होते.

या काळात घरावर मोठे आघात झाले. १९१७ च्या वसंतात थोरला मुलगा आलास्डर युद्धात मारला गेला. त्याच वर्षी कोलकात्यात अ‍ॅना यांचा आजारपणात मृत्यू झाला. मुलाच्या मृत्यूची बातमी आजारी पत्नीला सांगण्याचे धैर्य गेडिस यांना झाले नाही. त्यांनी काम थांबवले नाही. त्यांचा सर्वांत मोठा भारतीय अहवाल याच दुःखाच्या काळातला आहे.

‘जपून शस्त्रक्रिया’ म्हणजे काय?

दाट वस्ती दिसली की तिच्यातून सरळ, रुंद रस्ता काढायचा, ही त्या काळच्या अभियंत्यांची सवय. रस्त्याच्या रेषेत येणारी घरे आणि दुकाने पाडली जात. उठवलेली कुटुंबे शेजारच्या वस्तीत कोंबली जात आणि तिथली दाटी वाढे. म्हणजे एका ठिकाणचा आजार दुसऱ्या ठिकाणी हलवला जाई आणि त्यावर सरकारी तिजोरीतून खर्चही होई.

गेडिस यांनी वेगळा उपाय सुचवला. आधी शहर पायी फिरून पाहायचे. प्रत्येक गल्ली, विहीर, देऊळ, पिंपळाचा पार, मोकळी जागा आणि पडके घर नकाशावर उतरवायचे. लोक कुठून चालतात, कुठे बसतात, कुठे खरेदी करतात ते टिपायचे. त्यानंतर नेमकी कुठे काट मारली तर सर्वांत कमी घरे हलवून सर्वांत जास्त हवा-उजेड मिळेल, ते ठरवायचे. एखादे पडके घर काढून तिथे छोटा चौक करायचा, एखादी बंद गल्ली उघडायची, चालू असलेली बाजारपेठ जागीच सुधारायची. तंजावरमध्ये त्यांनी असा आराखडा देऊन दाखवला आणि मूळ योजनेच्या तुलनेत तो फारच स्वस्त ठरत होता.

या पद्धतीला त्यांनी दिलेल्या नावाचा मराठीत अर्थ ‘जपून केलेली शस्त्रक्रिया’ असा सांगता येईल. रोगनिदान आधी, सुरी नंतर, हा त्यातला क्रम महत्त्वाचा.

इंदूरच्या दिवाळीत काय घडले?

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेग आणि हिवतापाने लोक हैराण होते. नगररचनाकार आला म्हणजे घर पाडणार, या भीतीने गल्लीबोळांत गेडिस यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. त्यांनी दरबाराकडे एक दिवसापुरता महाराज होण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मग जाहीर झाले, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या मार्गावर सर्वांत जास्त घरे स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील, त्या मार्गाने जाईल.

शहरभर सफाई आणि रंगरंगोटी सुरू झाली. कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, सफाई कामगारांना मान होता आणि शेवटी त्या राक्षसाचे दहन झाले. घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. अंगणातील तुळशी वृंदावन हे घर नीटनेटके ठेवण्याचे उत्तम साधन आहे, असे गेडिस मानत. १९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्यात रस्ते आणि गटारांबरोबर बाजार, बागा, गिरणी कामगारांची घरे आणि विद्यापीठ यांचाही विचार आहे.

मुंबईशी नाते काय?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ पर्यंत ते इथे होते. वर्गातले व्याख्यान आटोपले की विद्यार्थ्यांनी शहरात जाऊन पाहणी करावी, असा त्यांचा आग्रह असे. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यामागे गेडिस यांची शिफारस होती. पुढे याच घुर्ये यांनी मुंबईचा विभाग नावारूपाला आणला.

मुंबईत त्या काळी सरकारी यंत्रणा कामगारांसाठी एकसारख्या चाळी बांधत होत्या. माणसे गोदामातील मालासारखी रचून ठेवण्याला घर म्हणता येणार नाही, अशी गेडिस यांची टीका होती. घराला अंगण हवे, मुलांना खेळायला जागा हवी आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर हवा, ही त्यांची किमान अपेक्षा.

घर कुठे, दुकान कुठे?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर त्यांनी भारताबाहेर दिले. १९२५ मध्ये भूमध्य समुद्राकाठच्या तेल अवीवसाठी त्यांनी आराखडा केला. जुन्या शहराची डागडुजी करणाऱ्या माणसाला इथे जवळजवळ कोऱ्या जमिनीवर गाव वसवायचे होते. त्याची रचना थोडक्यात अशी :

• समुद्राला समांतर जाणारे मोठे रस्ते वाहतूक आणि दुकानांसाठी. गिऱ्हाईक जिथून जाते तिथेच दुकान.

• समुद्राकडून आत येणारे आडवे रस्ते, म्हणजे वारा वस्तीत खेळता राहील.

• या दोन्हींच्या मधल्या मोठ्या चौकोनात घरांच्या अरुंद, शांत गल्ल्या. बाहेरच्या गाड्यांना आत शिरण्याचे कारणच नाही.

• प्रत्येक चौकोनाच्या पोटात छोटी बाग किंवा सार्वजनिक जागा.

यामुळे दुकान घरापासून काही मिनिटांच्या अंतरावर राहते आणि दुकानाचा गोंगाट घरात येत नाही. रुंद रस्ते थोडे आणि गल्ल्या अरुंद असल्याने रस्त्यांवरचा खर्चही वाचतो. पुढे या आराखड्यावर उभ्या राहिलेल्या शहराच्या मध्यभागाला २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

डहाणू-तलासरीला हे कसे लागू होते?

गेडिस यांची एक प्रसिद्ध आकृती आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमिनीचा उभा छेद. वर खाणकामगार, लाकूडतोड्या आणि शिकारी, मध्ये मेंढपाळ आणि शेतकरी, शेवटी किनाऱ्यावर कोळी. शहर हे या सगळ्यांच्या कामाचे फळ असते. त्यांच्यापैकी एकाचे काम तोडले तर शहराचा बाजारही लंगडा होतो, असा त्याचा अर्थ.

डहाणू आणि तलासरी हा जणू त्या आकृतीचाच नमुना आहे. पूर्वेला जंगल आणि डोंगर, वारली आणि इतर आदिवासींचे पाडे. मध्ये भातशेती. किनाऱ्यालगत घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या. इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. शेवटी डहाणूची खाडी आणि मच्छीमारांची गावे. आठवडी बाजारात पाड्यावरची भाजी, रानातला माल आणि सुकी मासळी एकत्र येते. महालक्ष्मीच्या यात्रेत तर सगळा तालुका लोटतो. म्हणजे घर आणि बाजार यांचे नाते इथे नव्याने तयार करायचे नाही, आधीच आहे.

गेडिस यांच्या पद्धतीने इथली वसाहत आखायची तर काम पुढीलप्रमाणे चालेल :

१. आधी पाहणी. ओढे, विहिरी, चिकूची झाडे, पायवाटा, मासळी वाळवण्याच्या जागा आणि आठवडी बाजाराचे मैदान नकाशावर घ्यायचे. पावसाळ्यात पाणी कुठे साचते, ते गावच्या माणसाला विचारायचे.

२. गाळ्यांची मोजणी. किती कुटुंबे राहणार, त्यांना रोज काय लागणार आणि त्यातले काय आधीच्या बाजारात मिळते, याचा हिशेब करून गाळे ठरवायचे. मागणीपेक्षा जास्त गाळे बांधले तर ते रिकामे राहतात आणि पूर्ण रस्ता भकास होतो.

३. दुकाने मुख्य रस्त्यावर, घरे आत. तळमजल्यावर दुकान आणि वर घर अशी रचना वर्दळीच्या रस्त्यापुरती ठेवायची. महामार्गाला थेट तोंड करून दुकाने काढली तर ग्राहकाला जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागतो. म्हणून दुकानांसाठी आतला समांतर रस्ता हवा.

४. गाळा न परवडणाऱ्यांसाठी जागा. डोक्यावर पाटी घेऊन येणारी मासेवाली आणि पाड्यावरून भाजी आणणारी बाई गाळा विकत घेऊ शकत नाही. सावली, पाणी आणि ओटा असलेली मोकळी मंडई आराखड्यातच नसेल, तर त्या पदपथावर बसणार आणि पुढे त्यांच्यावरच कारवाई होणार.

५. टप्प्याटप्प्याने बांधणी. पहिला टप्पा वसला, बाजार चालला, की मग पुढचा.

कायदा काय सांगतो?

कोरी पाटी समजून इथे आराखडा करता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. उद्योगांसाठी ५०० एकरांची कमाल मर्यादा घातली गेली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला गेला. शेजारची तलासरी त्या पट्ट्यात येते. हिरवे क्षेत्र, फळबागा आणि आदिवासी भाग नकाशावर निश्चित करून जपावेत, असे त्या अधिसूचनेत अपेक्षित होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले.

दुसरी बाब जमिनीची. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाची पूर्वमान्यता लागते. पेसा कायद्यामुळे ग्रामसभेलाही अधिकार आहेत. या नियमांमागे इतिहास आहे. १९४५ मध्ये तलासरीतील झरी येथून उभा राहिलेला आणि गोदावरी परुळेकर यांनी संघटित केलेला वारली लढा वेठबिगारी आणि सावकारी-जमीनदारीविरुद्ध होता. जमीन हातातून गेली की माणूस स्वतःच्याच गावात परका होतो, हे इथल्या घरांना कुणी सांगावे लागत नाही.

गेडिस यांच्या मर्यादा कोणत्या?

गेडिस यांच्या बहुतेक भारतीय अहवालांची अंमलबजावणी झाली नाही किंवा अर्धवट झाली. त्यांचे लिखाण पसरट होते आणि अभियंत्यांशी त्यांचे खटके उडत. लोकांच्या सहभागावर त्यांचा विश्वास होता, पण अधिकार संस्थानिक किंवा परकीय सरकारच्या हाती होते. इंदूरची मिरवणूक लोकांनी काढली तरी आदेश दरबाराचाच होता.

आणखी एक मर्यादा १९१५ च्या कायद्यातून आलेल्या नगररचना योजनांची आहे. या योजनेत जमीनमालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागांसाठी भाग काढायचा आणि उरलेले आटोपशीर प्लॉट मालकांना परत द्यायचे, अशी व्यवस्था असते. आजच्या १९६६ च्या राज्य कायद्यातही ती आहे आणि पनवेल परिसरात ‘नैना’ क्षेत्रात वापरली जात आहे. मालकाला पूर्ण बेदखल न करता विकास साधणारी म्हणून ती बरी मानली जाते. पण परतीचा प्लॉट मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. जमीन कसणारा, चिकूवाडीत मजुरी करणारा, वनहक्काचा दावा प्रलंबित असलेला किंवा किनाऱ्यावर मासळी वाळवणारा त्या हिशेबात येत नाही. पाहणीत माणसे मोजली आणि आराखड्यात फक्त सातबारे धरले, तर गेडिस यांची निम्मी पद्धतच वापरल्यासारखे होईल.

अखेर आणि पुढे काय?

१९२४ मध्ये गेडिस यांनी भारत सोडला आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे स्कॉटिश विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय उभारले. पूर्वी नाकारलेला ‘सर’ हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकी लेखक लुईस ममफर्ड यांनी त्यांना गुरू मानले आणि त्यांचे विचार जगभर पोहोचवले.

डहाणू-तलासरीत येत्या काळात आराखडे जाहीर होतील, हरकती-सूचनांसाठी मुदत दिली जाईल. तेव्हा नागरिकांनी विचारायचे प्रश्न साधे आहेत. पाहणी झाली का आणि ती कोणी केली? आठवडी बाजाराची जागा नकाशावर दिसते का? ओढा दाखवला आहे की त्यावर रस्ता आहे? गाळ्यांची संख्या कशावरून ठरली? सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचे काय? हरकतीची मुदत संपल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो. म्हणून आराखडा प्रसिद्ध होताच तो ग्रामसभेत, मराठीत आणि मोठ्या नकाशासह मांडला जावा, ही मागणी सर्वांत आधी करावी लागेल.